हॉल मोठा, बजेट बेताचं: होम थिएटरबद्दल वाचकांचे प्रश्न

चवथीच्या आधी घराची डागडुजी आणि रंगकाम निघतं, तेव्हाच टीव्हीची भिंतही नव्याने सजवायचं ठरतं. त्यामुळे या दिवसांत होम थिएटरबद्दल बरीच विचारणा होते. या वेळचे बहुतेक प्रश्न मोठ्या जागेचे आहेत. जुन्या घराची साल (म्हणजे दिवाणखाना) असो की नव्या बंगल्यातला हॉल आणि डायनिंग एकत्र असलेला भाग, गोव्यात जागा ऐसपैस असते. बाजारातले स्वस्त संच मात्र लहान खोली डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात.

आमचा हॉल २४ बाय १८ फुटांचा, उंची १२ फूट. बजेट ८० हजार. दुकानदार १००० वॅटचा ५.१ संच (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) ४० हजारांत देतो म्हणतो. मोठ्या जागेला जास्त वॅट लागणारच ना? (वाचक, फोंडा)

आधी टेप घेऊन सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचं अंतर मोजा. हॉल कितीही लांब असला तरी माणसं एकाच ठिकाणी बसतात, आणि संवाद, गाणं, पार्श्वसंगीत तिथपर्यंतच पोचवायचं असतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींवरून परत येणारा आवाज मिसळतो, म्हणून थोडा कमी उतरतो. सोफा १५ फुटांवरून १० फुटांवर आणलात तर साडेतीन डेसिबलपर्यंत फायदा होतो. तेवढाच फायदा ॲम्प्लिफायरमधून हवा असेल तर त्याची ताकद सव्वादोनपट लागेल. सोफा मागच्या भिंतीपासून सोडवून पुढे ओढायला पैसा लागत नाही, म्हणून मी ते पहिल्यांदा करायला सांगतो.

आता वॅट. खोक्यावरचे १००० वॅट ही सगळ्या चॅनलांची, म्हणजे एकेका स्पीकरच्या वाट्याची, बेरीज असते. तीही बहुतेक वेळा एकेक चॅनल वेगळा चालवून, एकाच सुरावर, १० टक्के विकृती मान्य करून काढलेली. १० टक्के विकृतीचा आवाज म्हणजे फाटलेला आवाज. 'पीएमपीओ' असं लिहिलेलं दिसलं तर त्या आकड्याला काहीच अर्थ नाही. खरा आकडा असा लिहिलेला असतो: दोन चॅनल एकत्र चालू, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, विकृती ०.१ टक्क्याच्या आत. असे ६०-७० वॅट देणारा एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) त्या १००० वॅटच्या संचापेक्षा तुमच्या हॉलला जास्त उपयोगी पडेल.

स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' शोधा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. समजा तो ८८ आहे. तुम्ही १० फुटांवर बसलात तर एका वॅटला साधारण ७८ डेसिबल मिळतील, १० वॅटला ८८ आणि ५० वॅटला ९५. सिनेमागृहाच्या मापात पडद्यामागच्या प्रत्येक चॅनलची कमाल १०५ डेसिबल धरतात. घरी आपण त्याहून १०-१५ डेसिबल खालीच ऐकतो. म्हणजे ५० प्रामाणिक वॅटांत काम भागतं. सेन्सिटिव्हिटी ८४ असलेला स्पीकर घेतलात तर तेवढ्याच आवाजाला अडीचपट वॅट मोजावे लागतील. मोठा हॉल आणि मर्यादित पैसा असेल तेव्हा मी ८८च्या खालचा स्पीकर यादीतच घेत नाही. ९० किंवा वर मिळाला तर उत्तम.

८० हजारांची वाटणी मी अशी करीन: पुढच्या दोन स्पीकरांना २५ ते २७, त्याच मालिकेतल्या, टीव्हीजवळ मधोमध ठेवायच्या सेंटर स्पीकरला १० ते १२, रिसीव्हरला २५ ते २८, सबवूफरला १५, आणि उरलेले वायरला. मागचे दोन सराउंड स्पीकर आत्ता घेऊ नका. सिनेमातले बहुतेक संवाद सेंटरमधून येतात, संगीत प्रामुख्याने पुढच्या दोघांतून. मागून येतो तो पाऊस, गर्दी, गाड्यांची वर्दळ. दहा-बारा हजार साठले की ती जोडी जोडता येते. रिसीव्हरला जागा असतेच. खोकाबंद संचात ही सोय क्वचितच असते. त्यातले स्पीकर अनेकदा तीन-चार ओहमचे आणि वेगळ्याच पिनेचे असतात, मुख्य युनिट बिघडलं की स्पीकर दुसरीकडे चालत नाहीत.

एक गोष्ट मात्र खोलीच्या आकारावरच ठरते, ती म्हणजे बेस. खर्जाचा आवाज सोफ्यापुरता राहत नाही, सगळी जागा व्यापतो. तुमचा हॉल पाच हजार घनफुटांच्या वर जातो, त्याला ८ इंची सबवूफर अपुरा पडेल. १२ इंची शंकू ८ इंचीच्या सव्वादोनपट हवा हलवतो. पैसे कमी पडत असतील तर पुढे टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) न घेता बुकशेल्फ, म्हणजे लहान पेटीचे स्पीकर स्टँडवर घ्या, पण सबवूफर १० किंवा १२ इंचीच ठेवा. रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर लावला की त्याखालचा सगळा भार सबवूफर उचलतो आणि बुकशेल्फ मोकळे होतात.

जुनं घर, चिऱ्यांच्या भिंती, खाली टाइल्स. चांगले स्पीकर घेऊनही संवाद कळत नाहीत. आवाज वाढवला की आणखी गोंधळ. स्पीकर बदलू का? (वाचक, साखळी)

नका बदलू. तुमचं दुखणं खोलीत आहे. हॉलच्या मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. टाळीनंतर आवाज घोळत राहिला तर नवे स्पीकरही तसेच ऐकू येतील.

याचं गणित हार्वर्डमधल्या वॉलेस सॅबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलं. व्याख्यानाच्या एका दालनात शब्द कळत नव्हते, तिथे त्यांनी नाट्यगृहाच्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणून मांडल्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. सूत्र सोपं आहे: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ने गुणा आणि खोलीतल्या आवाज शोषणाऱ्या क्षेत्रफळाने भागा. ७ मीटर लांब, ५ रुंद, ४ उंच हॉल धरा, घनफळ १४०. गिलावा, टाइल्स, लाकडी खुर्च्या असं सगळं टणक असेल तर शोषण जेमतेम १० चौरस मीटर भरेल, आणि आवाज विरायला दोन सेकंदांच्या वर लागतील. तेवढ्या वेळात बोलणारा पुढच्या वाक्यात असतो. शोषण ३० चौरस मीटरवर नेलंत की हा वेळ पाऊण सेकंदावर येतो, आणि शब्द सुटे होतात.

यासाठी महागडे फोम लागत नाहीत. खिडकीच्या दुप्पट रुंदीचे जाड पडदे, चुण्या पडतील असे लावा. ताणून लावलेला पातळ पडदा काहीच करत नाही. सोफा आणि टीव्ही यांच्यामधल्या टाइल्सवर जाड सतरंजी किंवा गालिचा टाका. रेक्झिनऐवजी कापडी सोफा असेल तर बराच फरक पडतो. सोफ्यामागच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट ठेवा, किंवा जुनी जाड गोधडी भिंतीपासून चार बोटं सोडून टांगा. आजीच्या हातची गोधडी दिवाणखान्यात शोभतेही. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांनी बोलण्याच्या आवाजावर फारसा परिणाम होत नाही, उलट आगीचा धोका वाढतो.

आणखी दोन गोष्टी तपासा. सेंटर स्पीकर कपाटाच्या खणात आत ढकललेला असेल तर तो कडेपर्यंत पुढे आणा आणि त्याचं तोंड कानांच्या दिशेने किंचित वर करा. मग रिसीव्हरमध्ये फक्त सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की दाराजवळ भिंत हादरते, पण सोफ्यावर बेस गायब. सबवूफर सदोष आहे का? (वाचक, पर्वरी)

सबवूफर ठीक असावा. खर्जाच्या लहरी खोलीएवढ्या लांब असतात. सात मीटर लांबीच्या हॉलमध्ये २५ हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन्ही टोकांच्या भिंतींशी फुगतो आणि बरोबर मध्यावर मरतो. तुमचा सोफा मध्यावर असणार. तो दोन-तीन फूट मागेपुढे करून बघा.

तेवढ्याने जमलं नाही तर सबवूफर थोडा वेळ सोफ्यावरच ठेवा, खर्जाचं एखादं वादन लावा आणि भिंतीकडेने ओणवे फिरत ऐका. जिथे बेस सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, तिथे सबवूफर नेऊन ठेवा. घरची माणसं हसतील, पण ही रीत जगभर वापरली जाते. पुढे पैसे हातात आले तर मोठा एक घेण्याऐवजी तसाच दुसरा घेऊन समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा; चढउतार बरेच सपाट होतात. यामाहाच्या रिसीव्हरमधली वायपीएओ किंवा डेननमधली ऑडिसी ही मायक्रोफोनवाली मोजणी जागा ठरल्यानंतर करा, आधी नाही.

इलेक्ट्रिशियनने ०.७५ची वायर ओढली आहे. चालेल? (वाचक, काणकोण)

दहा मीटरच्या आत आणि स्पीकर ८ ओहमचे असतील तर अडचण नाही. त्यापुढे दीड स्क्वेअर एमएम, आणि ४ ओहमचे स्पीकर किंवा १५ मीटरच्या वर अंतर असेल तर अडीच. मात्र वायर शुद्ध तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. तार ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखी पांढरी दिसली तर परत करा. तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो, आणि समुद्राजवळच्या हवेत तिची टोकं लवकर खराब होतात. 'स्पीकर केबल' असं छापलेलं नसलं तरी चालेल. घरच्या वायरिंगची चांगल्या कंपनीची बहुतारी तांब्याची वायर तेच काम करते.

मंगळुरी कौलांचं उतरतं छप्पर आहे. वर आवाज फेकणारे ॲटमॉस स्पीकर घेऊ का? (वाचक, डिचोली)

घेऊ नका. ते आवाज छतावर आपटवून तुमच्यापर्यंत आणतात. त्यासाठी छत सपाट, टणक आणि साधारण आठ ते बारा फुटांवर हवं. उतारावरून आवाज भलतीकडे जातो, कौलांच्या फटींतून निसटतो. ते पैसे सेंटरला द्या.

मामा बोटीवर होते. त्यांनी ऐंशीच्या दशकात आणलेले मोठे जपानी स्पीकर आणि ॲम्प्लिफायर माळ्यावर आहेत. उपयोग होईल? घर मोरजीला, समुद्राजवळ. (वाचक, पेडणे)

हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. गोव्यातल्या कितीतरी घरांत अशा जोड्या पडून आहेत आणि भंगारात जातात. त्यातल्या १२ इंची वूफरच्या तीन-मार्गी (खर्ज, मध्य आणि उंच सुरांना वेगळे स्पीकर असलेल्या) पेट्यांची सेन्सिटिव्हिटी बहुधा ९० किंवा वर असते, म्हणजे मोठ्या हॉलला अगदी योग्य.

जाळी काढा आणि शंकूच्या कडेची पट्टी बघा. ती फोमची असेल तर आपल्या दमट हवेने तिचा चुरा झालेला असेल. म्हणून स्पीकर मोडीत काढू नका. पट्टी बदलून मिळते, बदलताना रबराची लावा. शंकू दोन्ही हातांनी समान दाबून हलकेच आत ढकला. खरखर आली तर कॉइल घासते आहे. मल्टिमीटर लावलात तर ८ ओहमच्या स्पीकरला ६ ओहमच्या आसपास आकडा दिसायला हवा. ॲम्प्लिफायरबाबत सावध राहा. खास जपानसाठी बनवलेला असेल तर तो १०० व्होल्टचा असतो. मागची पट्टी वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घालू नका. स्पीकरांना त्याची अडचण नाही. या जोडीच्या सुराशी जुळणारा सेंटर मिळणं कठीण, तेव्हा रिसीव्हरमध्ये 'सेंटर नाही' असं सांगा. संवाद दोन्ही स्पीकरांत वाटले जातील आणि मध्ये बसणाऱ्याला ते पडद्यावरूनच आल्यासारखे वाटतील.

नवे घेणार असाल तरी किनाऱ्याजवळ रबरी कडा आणि पॉलिप्रॉपिलीनचा शंकू मागा. ओल येणाऱ्या भिंतीपासून पेटी फूटभर दूर ठेवा, कारण पेटीचं एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) पाणी पिऊन फुगतं. पावसाळ्यात संच रोज थोडा वेळ चालवा म्हणजे आतला दमटपणा निघून जातो. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात विजा कडाडू लागल्या की मुख्य प्लगबरोबर डिश किंवा केबलची वायरही काढा. बऱ्याचदा झटका तिथूनच एचडीएमआयमार्गे रिसीव्हरमध्ये शिरतो.

सिनेमे कमी, भजनं आणि नाट्यगीतं जास्त ऐकतो. पाच स्पीकर हवेत का? आणि दुकानात काय ऐकून निवड करायची? (वाचक, म्हापसा)

दोनच घ्या, पण सगळा पैसा त्या दोघांवर घाला. गायिका केसरबाई केरकरांच्या काळच्या तबकड्या तर मोनोच, म्हणजे एकाच चॅनलच्या आहेत. त्या पाच स्पीकरांवर पसरवल्या की गळ्याचा नेमकेपणा हरवतो.

दुकानात जाताना तुम्हाला तोंडपाठ असलेली रेकॉर्डिंग मोबाइलवर नेऊन ऐका. मी घुमट आरती (घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने गायची गोव्याची आरती) नेतो. घुमटाचा खोल गुंजणारा ठोका, शामेळ या तालवाद्यावरची काठी आणि कांसाळ्याची (झांजेची) किणकिण, तिन्ही एका वेळी चालतात. वाईट स्पीकरवर घुमट नुसतं ढबढबतं आणि कांसाळं कानात टोचतं. चांगल्यावर प्रत्येक ठोका वेगळा निघतो आणि मागे गाणाऱ्यांचे शब्दही कळतात. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारख्याच पातळीवर ठेवायला सांगा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच बरा वाटतो. आणि परत करण्याची मुदत बिलावर लिहून घ्या, कारण खरी परीक्षा तुमच्या हॉलमध्येच होणार आहे.