गणितकट्टा: बाकीचे आठ कुठे गेले?

प्रश्न: सर, आमच्या फॅमिली ग्रुपवर भाच्याने जोक टाकला, "जगात १० प्रकारचे लोक असतात, बायनरी कळणारे आणि न कळणारे." पोरं हसत सुटली. मला मात्र दोनच प्रकार दिसतायत, बाकीचे आठ कुठे गेले? (एक निवृत्त वाचक)

उत्तर: काका, तुम्ही बरोबर मोजलंत, प्रकार दोनच आहेत. ते १० "दहा" असं वाचायचंच नाही. आपल्याकडे उजवीकडून एकक, दशक, शतक अशी घरं असतात ना, प्रत्येक घर आधीच्याच्या दहापट, तसं बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या मोजणीत, प्रत्येक घर आधीच्याच्या दुप्पट, म्हणजे एक, दोन, चार, आठ असं. मग १० म्हणजे दोनाच्या घरात एक आणि एककाच्या घरात काहीच नाही, झाले दोन. म्हणूनच हा जोक लिहूनच सांगावा लागतो, तोंडाने सांगायला गेलं की "दहा" म्हणा नाहीतर "दोन", मजा तिथेच संपली.

आता तुम्ही भाच्याला हा पाठवा: "जगात १० प्रकारचे लोक असतात, बायनरी कळणारे, न कळणारे, आणि हा जोक तीनच्या पायातला आहे हे लक्षात न आलेले." पाया म्हणजे प्रत्येक घर आधीच्याच्या कितीपट ते, म्हणून तिथे १० म्हणजे तीन. आणि मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू का, तर कुठलाही पाया घ्या, तो स्वतःच्या पद्धतीत १० असाच लिहिला जातो! उद्या एकूण चारच बोटं असलेला परग्रहवासी भेटला आणि तुम्ही पाटीवर लिहून दाखवलंत की आमचा पाया १०, तर तोही लिहील "आमचापण १०", आणि दोघंही खरंच सांगत असाल.

प्रश्न: माझ्या मुलीने १६/६४ ला संक्षिप्त रूप देताना वरचा ६ आणि खालचा ६ कापला आणि १/४ लिहिलं. बाईंनी चूक दिली. अहो पण उत्तर तर बरोबर आहे! जाऊन भांडू का? (एक आई)

उत्तर: ताई, भांडू नका, बाईंचं बरोबर आहे, पण ती वही मात्र जपून ठेवा कारण मुलीच्या हाताला फार भारी गोष्ट लागलीये. अंश आणि छेदातून काढायचा तो दोघांचा सामाईक अवयव, इथे तो १६ आहे. ६ हा फक्त लिहिलेला अंक आहे, वर तो एककाच्या घरात म्हणजे नुसता सहा, आणि खाली दशकाच्या घरात म्हणजे साठ, दोन्ही एकच समजून कापायचे कसे? हीच युक्ती १३/३४ वर करून बघा, पुन्हा १/४ येईल आणि ते साफ चूक आहे.

पण गंमत अशी की शून्य असलेले सोडले तर एकापेक्षा लहान अशा दोन अंकी अपूर्णांकांत ही चुकीची रीत बरोबर चारदा जुळते: १६/६४, १९/९५, २६/६५ आणि ४९/९८. मुलीला हे चारही करायला द्या, हसेल ती.

आणि हे फक्त आपल्या दहाच्या पायातच होतं असं नाही. आठच्या पायात १७/७४ घ्या, दोन्हीकडचा ७ कापा, उरलं १/४. आता पडताळा करू: तिथे १७ म्हणजे एक आठ आणि सात, पंधरा, आणि ७४ म्हणजे सात आठे छप्पन्न आणि चार, साठ. पंधरा भागिले साठ, एक चतुर्थांश! चारच्या पायात १३/३२ मधला ३ कापला की १/२, तेही खरं, कारण ते आपले सात आणि चौदा. चार किंवा त्याहून मोठा कुठलाही सम पाया घेतला तर सगळ्यात मोठा अंक कापणारा असा एक तरी जोक त्यात सापडतोच, आपल्याकडचा तो १९/९५. पाया पाच, सात असा मूळ संख्या असेल तर दोन अंकांत एकही सापडत नाही. आहे की नाही सुंदर!

प्रश्न: असले जोक खरे मोठे लोक करतात का, की फक्त कॉलेजची पोरं? (अकरावीतला वाचक)

उत्तर: करतात रे, आणि पैसे देऊन करतात! डोनाल्ड नुथ हे कॉम्प्युटर सायन्समधलं फार मोठं नाव, त्यांच्या पुस्तकात चूक दाखवली की ते २.५६ डॉलरचा चेक पाठवायचे. का, तर २५६ सेंट, आणि सोळाच्या पायात २५६ लिहितात १०० असं, म्हणजे हा त्या पायातला पूर्ण एक डॉलर झाला. लोक तो वटवण्यापेक्षा फ्रेम करून लावायचे. २००८ पासून फसवणुकीच्या भीतीने खरे चेक बंद झाले, आता एका काल्पनिक बँकेचं सर्टिफिकेट मिळतं. त्यांच्या टेक् (TeX) या छपाईसाठी मजकूर मांडणाऱ्या सॉफ्टवेअरचे व्हर्जन नंबर तर ३.१, ३.१४, ३.१४१ असे वर्तुळाच्या π (पाय) कडे सरकत जातात, आणि त्यांनी सांगून ठेवलंय की माझ्यानंतर व्हर्जन थेट π करा आणि तोपर्यंत उरलेल्या चुकांना चुका नाही, फीचर म्हणा.