नगर आराखड्यावरील लोकसहभागाची प्रक्रिया संपल्यावर नागरिकांच्या सूचना जिवंत कशा ठेवाव्यात?

आपल्या शहराच्या आराखड्यावरील चर्चासत्रे आटोपली आहेत आणि जमलेल्या सूचना विस्मरणात जाऊ नयेत म्हणून एखादे संकेतस्थळ उभारावे का, असे तुम्ही विचारले आहे. संकेतस्थळाकडे मी शेवटी येतो, कारण माझ्या अनुभवाने बहुतेक सूचना त्याच्या आधीच, म्हणजे अहवाल लिहिला जात असतानाच, दगावतात.

अशा एका प्रक्रियेत मी टिपणे घेण्याचे काम हौसेने अंगावर घेतले होते. टेबलावर परिसराचा मोठा नकाशा अंथरलेला असे आणि लोक त्यावर खुणा करून शेजारी चिठ्ठ्या चिकटवत. काठी टेकत आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी दवाखान्यासमोरच्या चौकावर पेनाने लहानसा गोल काढला. पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा लागला तरी वळणारी वाहने थांबत नाहीत, त्यामुळे आपण एका दमात रस्त्याच्या मध्यापर्यंतच पोहोचतो आणि तेथे दुभाजकावर धड दोन्ही पावले मावतील एवढीही जागा नाही, असे त्यांनी सांगितले. तेवढी जागा रुंद करून दिली, तर दिव्याची वेळ वाढवली नाही तरी चालेल, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. एकाच सूचनेत ठिकाण, अडचण, कमी खर्चाचा उपाय आणि कोणती मागणी सोडून देता येईल याचा हिशेब, इतके सगळे आले होते. मी ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतले.

अहवालात मात्र त्याचे झाले ते असे: ‘पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेत सुधारणा व्हावी, अशी अपेक्षा अनेक नागरिकांनी व्यक्त केली.’ या वाक्याला कोणीही हरकत घेणार नाही आणि त्याच कारणाने त्यावरून कोणी काही करणारही नाही. पुढे त्याच चौकाचे काम निघाले तेव्हा संबंधित अभियंत्यांकडे अहवालाची प्रत होती, पण त्या प्रतीत चौकाचा उल्लेखच नव्हता. सुशोभीकरण म्हणून दुभाजकावर कुंड्या ठेवण्यात आल्या, त्याही नेमक्या त्या गृहस्थांनी दाखवलेल्या जागी.

या प्रक्रियेच्या संयोजकांशी माझा तेव्हापासून वाद आहे. त्यांचे म्हणणे असे की, इतक्या सूचना मूळ स्वरूपात वाचायला कोणत्याही कार्यालयाला सवड नसते, म्हणून त्यांचे विषयवार सार काढणे अपरिहार्य ठरते. सार काढण्याला माझा विरोध नाही. सार हाती आले की मूळ चिठ्ठ्या रद्दीत टाकण्याला आहे. संख्या मोठी असल्याची सबब तर मला मुळीच पटत नाही. बार्सिलोनाने 2016 मध्ये आपल्या नगर कृती आराखड्यासाठी ‘डेसिडिम’ या संगणकीय मंचावर दहा हजारांहून अधिक प्रस्ताव घेतले. तेथे प्रत्येक प्रस्तावाला स्वतंत्र पान होते, तो स्वीकारला की नाकारला याचे उत्तर त्याच पानावर दिले जाई, आणि स्वीकारलेला प्रस्ताव आराखड्यातील ज्या कामात सामावला गेला त्या कामाशी जोडलेला राही. पर्यावरणविषयक निर्णयांबाबत 1998 च्या आरहूस करारानेही निर्णयासोबत त्यामागची कारणे लोकांना उपलब्ध करून देण्याचे बंधन सदस्य देशांवर घातले आहे. कारणासह दिलेला नकार मला मोघम होकारापेक्षा कितीतरी उपयोगी वाटतो, कारण कारण बदलले की तीच सूचना पुन्हा मांडता येते.

तेव्हा आज तुमच्या हाती मूळ कागद असतील, तर अहवाल छापून येण्याची वाट न पाहता ते सर्व स्कॅन करून घ्या. प्रत्येक सूचनेला क्रमांक द्या आणि तिच्यासमोर नेमके ठिकाण, सुचवणाऱ्याचे शब्द, निर्णय ज्याच्या अखत्यारीत येतो तो विभाग आणि त्याने दिलेले उत्तर, एवढे लिहून ठेवा. हा तक्ता आवक क्रमांकासह त्या विभागात दाखल करून पोच घ्या. त्यानंतर दोन वेळा साधा: अंदाजपत्रकाचा मसुदा तयार होण्याआधीची आणि त्या ठिकाणी अन्य कोणतेही काम निघण्याआधीची. जलवाहिनीसाठी रस्ता खोदलाच जाणार असेल, तर पदपथाविषयीची जुनी सूचना तेव्हा फारशा वाढीव खर्चाविना मार्गी लागू शकते. एकदा डांबर पडले की तिच्याकडे कोणी फिरकत नाही.

आणखी दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. नागरिकांची प्रत्येक कल्पना जगवण्याच्या लायकीची नसते. काही परस्परविरोधी असतात, तर काही शेजाऱ्याच्या गैरसोयीवर उभ्या असतात, आणि त्या कारण लिहून बंद केल्या पाहिजेत. शिवाय सुचवणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीशिवाय जाहीर तक्त्यात घालू नये. नोंदी कितीही चोख ठेवल्या तरी राजकीय इच्छा आटली की त्यांचे बळ ओसरते, हेही मान्य करतो. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहराच्या लोकसहभागी अंदाजपत्रकात 1989 पासून रहिवाशांनी निवडलेले प्रतिनिधी मंजूर कामांवर लक्ष ठेवत असत, दरवर्षीच्या कामांची यादी छापली जाई, आणि तरीही सत्तांतरानंतर ती व्यवस्था क्षीण होत गेली आणि 2017 मध्ये स्थगित झाली.

आता संकेतस्थळाविषयी. ते अवश्य करा, पण वर सांगितलेला तक्ता तयार झाल्यावर करा, आणि तो अद्ययावत ठेवणारी व्यक्ती कार्यालयातील असो वा रहिवाशांपैकी, तिचे नाव आणि तिच्यानंतर ते काम कोणाकडे जाईल हे पहिल्याच पानावर लिहा. तुमच्याही संयोजकांनी मूळ चिठ्ठ्यांची आता गरज उरलेली नाही असे सांगितले, तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. त्या रीतसर मागून घ्या आणि घरी घेऊन या.