दाढीच्या साबणाच्या रंगाने खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, दाढीचे साबण पांढरे, हिरवे, निळे, आता तर काळेपण मिळतात, तर रंग बघून घ्यायचा का. आणि दुसरं, तुमचा पांढरा साबण डब्यातल्या डब्यात तपकिरी होत चाललाय, तो टाकून द्यायचा का. पहिल्याचं उत्तर सरळसरळ 'नाही' असंच आहे. दुसऱ्यासाठी आधी साबणाचा वास घेऊन बघा, ते खाली सांगतो.

फेस चांगला होणं न होणं हे सगळं तेला-चरबीवर आणि अल्कलीवर, म्हणजे तेलाचा साबण करणाऱ्या क्षारावर, आहे हो. दाढीच्या साबणात स्टिअरिक अॅसिड भरपूर घालतात, त्यामुळेच फेस दाट होतो आणि गालावर ठाण मांडून बसतो. खोबरेलाने बुडबुडे पटकन येतात पण ते जास्त झालं तर कातडी कोरडी पडते. ग्लिसरिन पाणी धरून ठेवतं म्हणून अर्ध्या दाढीत फेस सुकत नाही. अल्कली बहुतेक वेळा दोन असतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने साबण मऊ राहतो आणि ब्रशवर लगेच येतो, सोडियम हायड्रॉक्साइडने वडी कडक होते, त्या दोघांचं प्रमाण कसं जमवलंय त्यावर बनवणाऱ्याचा हात कळतो. यात रंगाला कामच नाही काही, तो पडतो तोच मुळी चिमूटभर.

म्हणूनच गर्द हिरव्या साबणाचाही फेस पांढराच येतो, फार तर किंचित झाक. फेस म्हणजे हवेचे असंख्य बारीक बुडबुडे, प्रत्येकाच्या पातळ पडद्यावर उजेड आपटून चहूकडे फाकतो आणि आपल्याला पांढरं दिसतं, त्यात साबण इतका पातळ पसरलेला असतो की रंगाचा मागमूस राहत नाही.

बिनरंगाचा साबणसुद्धा पांढराशुभ्र असतोच असं नाही बरं का. चरबीचा साबण सायीसारखा दिसतो, ऑलिव्ह तेल असेल तर हिरवट, शिया बटर किंवा लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण) असेल तर पिवळट. दूध घालून केलेला असेल तर दुधातली साखर अल्कलीच्या उष्णतेने करपते आणि साबण बदामी होतो. अगदी पांढराफटक दिसला तर बऱ्याचदा त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घातलेलं असतं, डब्यावर ते सीआय ७७८९१ अशा नंबरने लिहिलेलं सापडेल. म्हणजे "पांढरा म्हणजे शुद्ध, रंगीत म्हणजे केमिकल" हे जे लोक ठोकून देतात त्याला काही अर्थ नाही, पांढरा पण रंग घालूनच केलेला असू शकतो.

उलट बाजूने, "नैसर्गिक रंग" लिहिलं की भुलू नका एवढंच. साबण अल्कलाइन असतो, पीएच साधारण ९ ते १०, आणि त्यात वनस्पतींचे बरेच रंग टिकतच नाहीत. हळद लालसर तपकिरी होते, फुलांचे लाल-जांभळे रंग हिरवट नाहीतर मळकट होऊन जातात. त्यामुळे टिकाऊ हिरवा हवा असेल तर क्रोमियम ऑक्साइड, निळा हवा असेल तर अल्ट्रामरीन असली खनिजं वापरतात. कातडीला ती सहसा काही करत नाहीत, आणि तसाही दाढीचा साबण दोन-चार मिनिटांत धुऊन जातो.

मग रंग घालतात कशाला? नाकासाठी, अजून काय. हिरवा बघितला की मेंथॉल किंवा लिंबू, निळा बघितला की समुद्र, पिवळट बघितला की चंदन, असं आपणच आधी ठरवून बसतो आणि मग वासही तसाच येतो. २००१ साली फ्रान्समधल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला होता, वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेल्या लाल रंगाने रंगवून दिली तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकणाऱ्यांचं हे, तर सकाळी अर्धवट झोपेत आरशासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचं काय घेऊन बसलात! बऱ्याच कंपन्या तर साबण रंगवतच नाहीत, डबाच रंगवतात. प्रोरासो या इटालियन ब्रँडचं बघा, युकॅलिप्टस-मेंथॉल हिरव्यात, चंदनाचं लाल, नाजूक कातडीसाठी पांढरं, आणि हिरवी ट्यूब दाबली तर आतून क्रीम येतं पांढरं. मला हीच पद्धत बरी वाटते.

आता तुमचा तपकिरी साबण. त्याच्या वासात व्हॅनिला किंवा लवंगेसारखं काही आहे का? व्हॅनिलातलं व्हॅनिलिन हवेने आणि उजेडाने तपकिरी पडतं, लवंगेतलं युजेनॉलपण तसंच. चाकूच्या टोकाने वरचा थर थोडा खरवडून बघा, हवा वरून लागते त्यामुळे सुरुवातीला वर तपकिरी साल आणि खाली अजून फिकट साबण अशी पट्टी दिसते. पुढे पूर्ण वडीच चॉकलेटी होईल. होऊ द्या, फेसात काही फरक नाही, बिनधास्त वापरा.

पण रंग सगळीकडे सारखा न बदलता नारिंगी ठिपके पडले असतील, हात लावला तर किंचित चिकट लागत असेल आणि जुन्या तेलाचा कुबट वास येत असेल तर मात्र ते तेल खवट झालंय. धातूचा अंश, विशेषतः लोखंड आणि तांबं, हे काम फार वेगाने करतो, म्हणून गंजक्या डब्यात साबण ठेवू नये. एखादाच ठिपका असेल तर कोरून काढून वापरता येतो, पण ठिपके पसरले असतील तर मी तरी टाकून देईन, ताज्या कापलेल्या खुंटांवर खवट तेल कशाला चोळायचं. आणि लवदार काळे-हिरवे डाग दिसले तर ती बुरशी, तिथे विचारच करू नका.

काळ्या साबणाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्यात बहुतेक कोळशाची पूड असते, ती पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे फेस राखाडी येतो आणि ब्रश पांढऱ्या केसांचा असेल तर ती पूड मुळाशी जाऊन बसते. वरून ब्रश स्वच्छ दिसतो, केस बोटांनी फाकवून बघितले की आत खाली काळी कड दिसते आणि ती धुऊन धुऊन पण पूर्ण जात नाही. बेसिन आणि टॉवेलचं वेगळंच. एवढं करून दाढी काही जास्त गुळगुळीत होत नाही. घ्यायचाच असेल तर काळ्या ब्रशवर वापरा, आणि आधी ओल्या पांढऱ्या टिश्यूवर साबण घासून बघा, टिश्यूवर जे उतरेल तेच ब्रशवर उतरणार.

राहिलं आग होणं आणि पुरळ. लोक रंगाला दोष देतात, पण सुगंधाची अॅलर्जी रंगाच्या अॅलर्जीपेक्षा कितीतरी जास्त लोकांना असते, त्यामुळे त्रास होत असेल तर रंग बदलण्याआधी बिनवासाचा साबण घेऊन बघा. अर्थात ब्लेड बोथट असेल किंवा उलटी दाढी करत असाल तर कुठलाही साबण घ्या, आग होणारच.

तुमच्या डब्याचं एक करा, दाढी झाली की लगेच झाकण लावू नका, साबण वरून कोरडा झाला की मग लावा आणि डबा खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, तपकिरी पडणं तेवढंच हळू होईल.