कुत्र्याआधी वॉटसन शोधा

निपाणीच्या ताईंचे दोन प्रश्न आहेत. शेरलॉक होम्सच्या कादंबरीवर ब्रिटनच्या ग्रॅनडा टेलिव्हिजननं १९८८ मध्ये केलेल्या 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'मधला माळ खरा होता का? आणि गणपतीत मंडळाच्या नाटकात स्टेजवर गोष्टीतला तो भयंकर कुत्रा आणायचा कसा?

कादंबरीतला डार्टमूरचा माळ डेव्हन परगण्यातला. टीव्हीवर दिसतात ते खडक मात्र यॉर्कशायरमधल्या ब्रिमहॅम रॉक्सचे. तेव्हा हुबेहूब देखाव्याच्या मागं लागू नका. पावसाळ्यात जांबोटीवरून कणकुंबीकडं गेलेल्या आपल्या प्रेक्षकाला धुक्याची भीती वेगळी समजवावी लागत नाही.

मला खरं बोलायचंय ते होम्सच्या डॉक्टर मित्राबद्दल, वॉटसनबद्दल. होम्स झालेल्या जेरेमी ब्रेटची पत्नी १९८५ मध्ये गेली. पुढच्या वर्षी त्याला मानसिक आजारासाठी इस्पितळात राहावं लागलं, लिथियमच्या गोळ्यांनी अंग सुजलं. 'हाउंड'मध्ये त्याचा थकवा लपत नाही, बघताना जीव तुटतो. पण या कादंबरीत होम्स मधली कितीतरी प्रकरणं गायबच असतो. गोष्ट चालते ती वॉटसनच्या पत्रांवर आणि रोजनिशीवर. ते ओझं एडवर्ड हार्डविकनं उचललं. आधीचा वॉटसन डेव्हिड बर्क, त्यानं ग्रॅनडाची होम्स मालिका सोडल्यावर १९८६ पासून वॉटसन हार्डविकच होता. त्याआधी पडद्यावर वॉटसनला बावळट दाखवायची चाल पडली होती. या दोघांनी ती मोडली. हार्डविकचा वॉटसन शांत, भरवशाचा, लढाई बघून आलेला डॉक्टर आहे. निर्मात्यांनी होम्स-वॉटसनच्या सवयींची ७७ पानांची टिपणं काढली होती. तुम्ही निदान चार पानं काढा की.

आता कुत्रा. मूळ प्रसंग पुन्हा वाचा. धुकं सरकत येतं, आतून पावलांचा आवाज येतो. वॉटसन आधी बघतो ते होम्सच्या तोंडाकडं: फिकट, पण डोळ्यांत विजयाची चमक. मग ती नजर एकदम थिजते, ओठ विलगतात. सोबतचा पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेड ओरडून पालथा पडतो, आणि त्यानंतर कुत्रा दिसतो. स्टेजवरही हाच क्रम ठेवा: आवाज, चेहरा, मग कुत्रा, तोही क्षणभरच. तालमीत तो आवाज पहिल्या दिवसापासून वाजवा, म्हणजे नटांची मान एकाच वेळी वळेल.

कादंबरीत कुत्र्याचा जबडा अंधारात चमकावा म्हणून त्याला फॉस्फरस लावलेला असतो. तुम्ही त्याच्या वाटेला अजिबात जाऊ नका, त्यानं भाजतं. मुखवट्याला रेडियमच्या पट्ट्या चिकटवा. नंबरप्लेट करणाऱ्याकडं मिळतात, आणि प्रेक्षकांच्या बाजूनं बॅटरीचा झोत टाकला की धुरातूनही चमकतात.