फेलोशिप लागली, आता घरी किती द्यायचे?

बाळ,

परवा तुझ्या आईंचा फोन आला. विड्या वळता वळताच बोलत असाव्यात. ‘‘पोरीला पगार सुरू होणार बघा, सर!’’ त्यांचा आनंद मोडवेना, म्हणून मी गप्प राहिलो. तुला मात्र सांगतो : जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या संशोधनासाठी मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप, हा पगार नव्हे. महिना 37,000 रुपये, तेही दोन वर्षं. मग समितीला काम पसंत पडलं तर एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलोशिप, 42,000, आणखी तीन वर्षं. पुढे काही नाही.

विडी कामगारांच्या मुलांना शाळेत मिळणारी शिष्यवृत्ती वह्या-गणवेशातच संपते, आणि ते योग्यच आहे. पोराला शाळेत टिकवणं एवढंच तिचं काम. फेलोशिपचं तसं नाही. पाच वर्षं तुला शिकवण्या घेत, तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात पळावं लागू नये, यासाठी ते पैसे आहेत.

माझ्या वेळी रक्कम लहान होती. पण सात महिन्यांची थकबाकी एकदम जमा झाली, आणि आमच्या घरात एवढे पैसे एकरकमी कुणी पाहिलेच नव्हते. बहिणीचं लग्न झालं, पत्रे जाऊन स्लॅब आला. त्याचा पस्तावा नाही. पस्तावा याचा, की घरातला कमावता झाल्यावर प्रत्येक लग्नात, दवाखान्यात, भाऊबंदकीच्या वादात मीच पुढे. दोन वर्षांनी समितीसमोर बसलो. एका बाईंनी शांतपणे विचारलं, ‘‘मूळ कागद कोणते पाहिलेत?’’ मी पुस्तकांची नावं सांगत बसलो. मुदतवाढ मिळाली, पण तो प्रश्न अजून कानात आहे.

म्हणून घरी जरूर दे, पण आकडा पहिल्याच महिन्यात ठरव. एकदा दिलेला आकडा नंतर कमी करता येत नाही, निदान आपल्या घरांत तरी. दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला राहू दे. पैसे अडकतात, तेव्हा मेसवाला थांबत नाही.

आता कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठी वेगळे मिळणारे पैसे. इतिहासासारख्या तुमच्या विषयांना पहिली दोन वर्षं वर्षाला 10,000, पुढे 20,500. बरीच मुलं ती झेरॉक्सची बिलं जोडून संपवतात. मला त्याचा राग येतो. तू सोलापुरातल्या 1930 च्या मार्शल लॉवर, म्हणजे इंग्रजांनी लावलेल्या लष्करी कायद्यावर, काम करणार. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे या चौघांना त्या प्रकरणात 12 जानेवारी 1931 ला फाशी झाली, हे सोलापुरातलं शाळकरी पोरही सांगेल. पण त्या मे महिन्यात गिरणीतल्या बायका कुठे होत्या, काय करत होत्या? तू मुलाखतीत हाच प्रश्न मांडलास ना? मग रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघ आणि मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या पुराभिलेखागारात, जुनी सरकारी कागदपत्रं ठेवतात तिथे, जाऊन बस. पहिले दोन दिवस हाती काही लागणार नाही. चुकीच्या फायली मागवशील, वैतागशील. तिसऱ्या दिवशी काय मागायचं ते जरा उमगायला लागेल. तिकिटं मात्र जपून ठेव, बिलासोबत लागतात.

तुझे गाईड काय म्हणतील याची धास्ती नको. रिकाम्या हाताने गेलीस तर रागावतील. चार टिपणं नेलीस, अगदी चुकीची का असेनात, तर तासभर बोलतील.

आईंना पगार म्हणू दे. मुंबईची तारीख ठरली की कळव. दादरला माझा मावसभाऊ राहतो, उतरायची सोय होते का विचारून ठेवतो. त्याच्यासाठी शेंगाचटणी तेवढी ने.

तुझे,
सर