सायबरपंकमधला ‘पंक’ आणि पंकजातला ‘पंक’

प्रश्न असा आला आहे: “‘सायबरपंक’ हा शब्द देवनागरीत वाचला की मला आधी ‘पंकज’ आठवतो. या दोन ‘पंक’चा काही संबंध आहे का? आणि अशा कादंबऱ्यांना मराठीत ‘संगणक-विद्रोही कादंबरी’ म्हटलं तर चालेल का?”

सायबरपंक हा विज्ञानकथेचा एक प्रकार: संगणकांच्या जाळ्यानं व्यापलेलं जग आणि त्यात घुसखोरी करून जगणारी भणंग माणसं. आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. संबंध काही नाही. संस्कृतातला पंक म्हणजे चिखल. इंग्रजीतल्या पंकची कुळकथा वेगळी. शेक्सपिअरच्या काळात तो वेश्येसाठी वापरत. पुढे अमेरिकी बोलीत टुकार माणूस, वाया गेलेलं पोरगं अशा अर्थानं रुळला, आणि १९७०च्या दशकात रॉक संगीतातल्या एका बेगुमान पिढीनं ही शिवीच बिरुदासारखी मिरवली. ‘सायबरपंक’ हा जोडशब्द ब्रूस बेथकी या लेखकानं केला. त्याच नावाची त्याची कथा १९८० साली लिहून झाली होती, छापून आली १९८३ साली. संगणकात घुसखोरी करणाऱ्या पोरांसाठी त्याला शब्द हवा होता, म्हणून त्यानं तंत्रज्ञानातले तुकडे एका बाजूला आणि उनाड पोरांसाठीचे शब्द दुसऱ्या बाजूला मांडून जोड्या लावून पाहिल्या. कानाला बरी वाटली ती जोडी ठेवली.

‘संगणक-विद्रोही’ मात्र मला पटत नाही. दोन्ही अर्धी अडतात.

‘सायबर’ म्हणजे संगणक असं आपण आता धरूनच चालतो. पण गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ साली ‘सायबरनेटिक्स’ हे नाव घेतलं ते ग्रीक ‘कुबेर्नेतेस’वरून. कुबेर्नेतेस म्हणजे सुकाणू धरणारा. प्राणी काय, यंत्र काय, स्वतःला वाटेवर कसं ठेवतं, हा वीनर यांचा विषय. होडी एकीकडे झुकली की सुकाणू तेवढंच दुसरीकडे वळवायचं, काय झालं ते पाहायचं, पुन्हा वळवायचं. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: कर्णधार. संस्कृतात ‘कर्ण’चा एक अर्थ सुकाणू असाही आहे. क्रिकेटच्या बातम्यांत हा शब्द रोज येतो, त्यातलं सुकाणू आता कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, इतकंच.

हे कळल्यावर मी विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४) ही सायबरपंक कादंबरी पुन्हा हातात घेतली, आणि पहिल्या वाचनात निसटलेली कादंबरी दुसऱ्यांदा हाती लागली. केस नावाचा तिचा नायक संगणकांत घुसखोरी करून पोट भरणारा, आणि तो मालकांचीच चोरी करताना सापडतो. ते त्याची मज्जासंस्था विष देऊन बिघडवतात, म्हणजे त्याला पुन्हा सायबरस्पेसमध्ये, संगणकांच्या जाळ्यातल्या आभासी जगात, शिरता येऊ नये. नवा मालक आर्मिटेज त्याला बरा करतो, पण त्याच्या रक्तवाहिन्यांत विषाच्या हळूहळू विरघळणाऱ्या पिशव्या बसवून ठेवतो. काम वेळेत झालं तर सुटका. या आर्मिटेजचे दोर विंटरम्यूट नावाच्या कृत्रिम बुद्धीच्या हातात, आणि विंटरम्यूट स्वतः एका धनाढ्य घराण्याच्या दावणीला बांधलेली. सुकाणू नेमकं कुणाच्या हातात, या एका प्रश्नावर अख्खी कादंबरी उभी आहे. ‘संगणक’ म्हटलं की समोर खोका येतो आणि हा प्रश्न त्याच्यामागे दडतो.

आता ‘विद्रोही’. हा मराठीतला फार वजनदार शब्द आहे. त्यामागे विचार आहे, चळवळ आहे, दलित साहित्यानं त्यात ओतलेली आग आहे. विद्रोही माणूस काहीतरी मोडतो कारण त्याला दुसरं काही उभं करायचं असतं. केसला काहीच उभं करायचं नाही. त्याला त्याची जुनी नशा परत हवी आहे. त्याला टुकार म्हणा, वाया गेलेला म्हणा, भणंग म्हणा. ‘विद्रोही’ ही पदवी त्यानं कमावलेली नाही.

पण माझा खरा आक्षेप याहून आतला आहे. अभिजात विज्ञानकथा आणि सायबरपंक यांची भाषा वेगवेगळ्या जागी जन्मते. आयझॅक आसिमॉव्ह यांचे यंत्रमानव प्रयोगशाळेत घडतात, त्यांच्याबद्दल बोलणारी सुझन कॅल्विन विदुषी आहे, आणि यंत्रमानवांनी कसं वागावं याचे १९४२ साली मांडलेले तीन नियम कायद्याच्या कलमांसारखे आहेत. तिथे ‘यंत्रमानव’ हा घडवलेला, इस्त्री केलेला शब्द शोभतो. ‘कृष्णविवर’ही तसाच. विज्ञानाच्या प्रमाण भाषेला संस्कृतातून घेतलेली नाणी चालतात, आणि मला ती मनापासून आवडतात.

सायबरपंकचे शब्द मात्र गल्लीत तयार होतात आणि कुणी ते समजावून सांगत नाही. पहिल्यांदा वाचताना मी चिडून पुस्तक मिटलं होतं ते यामुळेच. दर पानावर चार अनोळखी शब्द, अर्थ कुठेच नाही. मग लक्षात आलं, केसला ते रोजचे आहेत, तो का समजावेल? प्रतिशब्द स्वतःची फोड करून सांगतो. जो शब्द स्वतःचा अर्थ सांगत बसतो तो गल्लीतला राहत नाही.

उदाहरण घ्या. केस आपल्या शरीराला ‘मीट’ म्हणतो. इथे ‘देह’ लिहिलं की सगळं बिघडतं. देहाला आपल्याकडे मान आहे. देह ठेवतात, देह झिजवतात. ‘शरीर’ अगदीच कोरडं. केसच्या बोलण्यातला तिटकारा ‘मांसाचा गोळा’ म्हटल्यावरच ऐकू येतो. किंवा या कादंबरीचं प्रसिद्ध पहिलं वाक्य. बंदरावरचं आभाळ बंद चॅनेलवर लावलेल्या टीव्हीच्या रंगाचं होतं, असं ते सांगतं. पुढे सिग्नल नसला की पडदा निळा दिसणारे टीव्ही आले, त्यामुळे नव्या वाचकाच्या डोळ्यांपुढे स्वच्छ निळं आभाळ येऊ शकतं. आपण त्या जुन्या करड्या, वळवळत्या पडद्याला काय म्हणत होतो? टीव्हीवर मुंग्या आल्या. आभाळाला मुंग्या आल्या होत्या! इंग्रजीत ‘मुंग्या’ नाहीत, पण वाक्याचा रंग त्यात पुरा उतरतो.

फिलिप के. डिक यांच्या ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ (१९६८) या कादंबरीतला ‘किपल’ हा शब्दही असाच. सायबरपंक हे नाव जन्मायच्या कितीतरी आधीची ही कादंबरी. ओस पडलेल्या इमारतीत एकटा राहणारा इसिडोर सांगतो की च्युइंगगमचे कागद, नको असलेली पत्रं, रिकामी काडेपाकिटं हे सगळं किपल, आणि पाठ फिरली की ते आपोआप वाढतं. ‘अडगळ’ इथे चालणार नाही, अडगळ एका जागी पडून राहते. ‘पसारा’ हवा. पसारा पसरतो, त्याच्या नावातच क्रियापद आहे. आवरून झोपलात तरी सकाळी पसारा असतोच. मला तर ‘किपल’पेक्षा ‘पसारा’ सरस वाटतो.

तेव्हा माझं मत असं: प्रकाराचं नाव ‘सायबरपंक’ तसंच ठेवावं, ‘रोबो’ ठेवला तसंच. कारेल चापेक यांच्या १९२०च्या नाटकातून आलेल्या त्या शब्दामागे चेक भाषेतला ‘रोबोटा’ आहे, म्हणजे चक्क आपली वेठबिगारी. पण म्हणून रोबोला कुणी ‘वेठ्या’ म्हणायला लागलं नाही, आणि अडलंही नाही. मराठीपणाची मेहनत घ्यायची तर ती पुस्तकाच्या आत घ्यावी: मांसाच्या गोळ्यात, मुंग्यांत, पसाऱ्यात.

राहिला वापराचा प्रश्न, कारण तो पुढे येणारच. माणूस असेल तर ‘तो सायबरपंक’, साहित्यप्रकार असेल तर ‘ते सायबरपंक’. सामान्यरूप ‘सायबरपंकात’ व्हायला हवं, मराठीच्या चालीला धरूनच आहे ते. तरी मी सध्या ‘सायबरपंकमध्ये’ लिहितो, कारण ‘पंकात’ ऐकलं की तुमचा तो चिखल लगेच पायाखाली येतो. ‘सायबरपंकी’ हे विशेषण मात्र खुशाल वापरा: सायबरपंकी शहर, सायबरपंकी भाषा.