किर्टलंडची नोट राहू द्या, घरावरचं कर्ज बघा

प्रश्न: मी युटामध्ये, सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. इथे आल्यापासून मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या सुरुवातीच्या इतिहासाची गोडी लागली आहे. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांची सही असलेली, १८३७ ची किर्टलंड बँकेची नोट ३,५०० डॉलरला मिळते आहे. दीर्घ मुदतीची गुंतवणूक म्हणून घ्यावी का? बाकी पैशांची काळजी नाही. आमच्या सत्संगातले एक गृहस्थ घरं बांधून विकतात. त्यांच्याकडे ७५,००० डॉलर महिना दीड टक्क्याने ठेवले आहेत. त्यातले ४०,००० घरावर कर्ज काढून घातले (व्याज ८ टक्के), १५,००० मेहुण्यांचे. व्याज काढत नाही, तिथेच साठवतो. माणूस अगदी देवमाणूस आहे.

उत्तर: नोट छंद म्हणून घ्यायची तर सही जाणकाराकडून तपासून घ्या. गुंतवणूक म्हणून नको. तिला व्याज नाही, आणि विकायला जाल तेव्हा दलाल आपला वाटा कापणारच.

आता तुम्ही जे विचारलंच नाहीत त्याकडे येतो, कारण तुमची अख्खी शिल्लक तिथे अडकली आहे.

त्या नोटेचा इतिहास तुम्ही वाचला असेलच. १८३६ मध्ये ओहायोतल्या किर्टलंडला मॉर्मनांचं मंदिर उभं राहिलं आणि डोक्यावर कर्ज झालं. लोकांकडे जमिनी होत्या, रोकड नव्हती. म्हणून बँक काढायचं ठरलं. स्मिथ यांचे सहकारी ऑलिव्हर काउडरी फिलाडेल्फियाहून नोटांचे ठसे घेऊन आले, दुसरे सहकारी ऑर्सन हाइड परवान्यासाठी ओहायोच्या राजधानीत गेले ते रिकाम्या हाताने परतले. तरीही कारभार सुरू झाला. नाव ‘अँटी-बँकिंग कंपनी’ केलं आणि छापून आलेल्या नोटांवर ती जादा अक्षरं उमटवली. कागदावर भांडवल ४० लाख डॉलर. ५० डॉलरच्या शेअरवर प्रत्यक्ष भरणा साधारण पाव डॉलर, म्हणजे अर्धा टक्का. जानेवारी १८३७ मध्ये दार उघडलं आणि महिना संपायच्या आत नोटांच्या बदल्यात नाणी देणं थांबलं. मे महिन्यात देशभर बँका कोलमडल्या, इथे तर आधीच काही उरलं नव्हतं. विनापरवाना बँक चालवल्याबद्दल स्मिथ आणि त्यांचे सहकारी सिडनी रिग्डन यांना हजार-हजार डॉलर दंड झाला. जानेवारी १८३८ मध्ये दोघांना रातोरात गाव सोडावं लागलं.

स्मिथ यांचे स्वतःचे पैसेही त्यात होते. ज्यांनी ते शेअर घेतले ते त्यांना प्रेषित मानत होते, याहून मोठा विश्वास कोणता? पण नोट घेऊन आलेल्याला द्यायला तिजोरीत नाणं नव्हतं. तुमचे गृहस्थ देवमाणूस असतीलही. त्यांची घरं विकली गेली नाहीत तर तुमचे पैसे कुठून येणार, एवढंच मला सांगा.

हिशेब बघा. दीड टक्का महिन्याला, म्हणजे वर्षाला १८. तुमच्या ७५,००० चे चार वर्षांत दीड लाख व्हायला हवेत. बँक तुम्हाला घर तारण ठेवून ८ टक्क्यांनी देते, मग हे गृहस्थ तुमच्याकडून १८ ने का घेतात? बहुधा बँक त्यांना देत नाही म्हणून. जी जोखीम बँकेने नाकारली ती तुम्ही राहत्या घरावर घेतलीत. स्मिथ यांचे सुरुवातीचे अनुयायी मार्टिन हॅरिस यांनी १८२९ मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या धर्मग्रंथाच्या छपाईच्या ३,००० डॉलरसाठी शेत गहाण टाकलं. पुस्तक खपेना. १८३१ मध्ये १५१ एकर विकली गेली. पण काय पणाला लावतोय हे त्यांना ठाऊक होतं. तुम्ही असल्या जोखमीला ‘काळजी नाही’ म्हणता, याचा मला राग येतो.

याच पंथाने इतरत्र समाजातला पैसा जास्त सरळपणे हाताळला. बँक बुडत असतानाच, जून १८३७ मध्ये, हीबर किंबल यांना प्रचारासाठी इंग्लंडला धाडलं. जुलैअखेर प्रेस्टनला रिबल नदीत पहिल्या नऊ जणांचा बाप्तिस्मा झाला. हे प्रचारक व्याजाचं आमिष दाखवत नव्हते, लोक देतील त्यावर राहत. गरीब अनुयायांना, पुढे इंग्लंडमधल्यांनाही, युटात आणायला १८४९ मध्ये स्थलांतर निधी निघाला: प्रवासखर्च उधार घ्या, स्थिरावलात की फेडा, त्यातून पुढचे येतील. हेतू उत्तम, माणसं कष्टाळू. तरी १८८० पर्यंत व्याजासकट सुमारे १६ लाख डॉलर थकले आणि गरिबांसाठी त्यातले निम्मे सोडून द्यावे लागले. तो निधी मदतीचा होता, म्हणून सोडता आले. तुमचं कर्ज कोण सोडणार?

या आठवड्यात त्यांच्याकडे ४०,००० लेखी मागा. आले की घरावरचं कर्ज त्याच दिवशी फेडा. ‘थोडं थांबा’, ‘व्याज वाढवून देतो’ असं उत्तर आलं तर एक डॉलरही आणखी घालू नका. कागदपत्रं घेऊन वकिलाला भेटा आणि युटाच्या सिक्युरिटीज विभागात (गुंतवणुकींवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) या योजनेची चौकशी करा. साठलेलं व्याज तूर्त शून्य धरा. मेहुण्यांना आजच फोन करून सगळं सांगा. त्यांनी ते पैसे तुमच्या शब्दावर दिले आहेत, तेव्हा जे हाती येईल त्यात कर्जानंतर पहिला हक्क त्यांच्या १५,००० चा.